श्रद्धेविना आस्वाद : सान मार्को आणि रिद्धपूर

फ्लॉरेन्समधील सान मार्को मठात जिना चढून वर गेले, की समोरच्या भिंतीवर फ्रा अँजेलिकोने १४४० च्या सुमारास रंगविलेले देवदूत आणि मेरी यांचे चित्र दिसते. त्याखालच्या लॅटिन ओळीत बजावलेले आहे, की या कुमारी मातेसमोरून जाणाऱ्याने तिला वंदन करण्यास चुकू नये. आता तेथे संग्रहालय आहे. अकोला-अमरावतीकडील एखादा ख्रिस्ती नसलेला प्रवासी त्या चित्रापुढे थबकतो, त्याचे मन भरून येते. ते वंदन मात्र तो उच्चारीत नाही. हे भारावणे प्रामाणिक म्हणावे काय?

मर्ढेकरांच्या लयसिद्धान्ताचा आधार घेतला, तर प्रश्नच उरत नाही : प्रवासी भारावतो तो रंगरेषांच्या संघटनेने, मेरी निमित्तमात्र. परंतु देवदूत कोण आणि तो कोणती वार्ता आणतो हे ठाऊक नसेल, तर त्या चित्रातील स्तब्धतेचा अर्थच हरपतो. भट्टनायकाचे साधारणीकरण अधिक उपयोगी पडते. 'माझे' आणि 'परक्याचे' हे भेद त्यात गळून पडतात. तथापि ती ओळ साधारणीकृत रसिकाला उद्देशून नाही. तेथून नित्य जाणाऱ्या मठवासीयाला उद्देशून आहे. विश्वनाथाने रसास्वादाला ब्रह्मास्वादाचा सहोदर म्हटले. सहोदर म्हणजे तोच नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

हा प्रश्न परदेशापुरता नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे गोविंदप्रभूंचे स्थान. महानुभावांच्या स्थानी पुष्कळदा मूर्ती नसते. असतो तो ओटा. लीळेचे स्मरण नसेल, तर त्या ओट्यावर पाहण्याजोगे काहीच नाही. 'स्थानपोथी' अशा स्थानांची नोंद ठेवते ती स्मरणासाठी. येथे रूप श्रद्धेपासून वेगळे काढून आस्वादिताच येत नाही.

'लीळाचरित्रा'चे मात्र आपण नेमके हेच केले. सांकेतिक लिप्यांतून जपलेला हा ग्रंथ विसाव्या शतकात उलगडला, आणि विद्यापीठांनी तो आद्य मराठी गद्याचा नमुना म्हणून अभ्यासक्रमात लावला. डॉ. वि. भि. कोलते यांच्या १९७८ च्या संपादनावर पंथीयांपैकी काहींनी आक्षेप घेतला, तेव्हा अभ्यासकाला तो वाङ्मयबाह्य वाटणे स्वाभाविक होते. परंतु त्या आक्षेपामागे एक रास्त जाणीव आहे : हा ग्रंथ आपल्याला उद्देशून लिहिलेला नाही.

म्हणून वाचू नये, असे नव्हे. अभ्यासकाने खोटे वंदन करावे, असेही नव्हे. श्रद्धेचा अभिनय हा अधिक मोठा अनादर ठरेल. कृतीने मागितलेले आणि आपण न दिलेले असे काही आहे, याचे भान मात्र विवेचनात राहिले पाहिजे. सान मार्कोतील प्रवाशाचे भारावणे खरे आहे. ते अपुरे आहे, हेही तितकेच खरे. 'लीळाचरित्रा'च्या शैलीवर लिहिताना आपण यांपैकी पहिलेच तेवढे नोंदवीत आलो आहोत.