दंडावरचा व्रण

जरा निवांत बसा. डाव्या दंडावर, खांद्याच्या थोडं खाली, उजव्या हाताचं बोट फिरवा. बऱ्याच जणांना तिथे एक लहानसा व्रण लागेल. बीसीजीचा. टोचलं तेव्हाचं रडणं आपल्याला आठवत नाही, आईला आठवतं. बोट तिथेच असू द्या.

ती लस आजाराच्या आधी आली होती, परक्याची ओळख करून द्यायला. आता आजारानंतर येणारी लस मनात आणा. तिला ओळख पटवायची असते ती आपल्याच पेशींची. अंडाशयाच्या कॅन्सरच्या पेशी बाहेरून येत नाहीत. घरातलंच कुणी बिथरावं तसं ते असतं, आणि घरातल्यावर हात उचलायला शरीर कचरतं.

सावकाश श्वास घ्या.

पोट फुगल्यासारखं वाटतं, दोन घासांत भरतं. बायका ते गॅसवर ढकलतात. कळतं तेव्हा बहुतेकींचा आजार पोटभर पसरलेला असतो. मग ऑपरेशन, केमो, आणि एक दिवस रिपोर्ट स्वच्छ येतो. तरीही पुष्कळ जणींचा आजार परततो. स्वच्छ रिपोर्टनंतरच्या त्या महिन्यांपाशी थांबा. केस नव्याने उगवताहेत. भेटायला येणारे म्हणतात, सुटलीस बाई. आणि ती रक्तातल्या सीए-१२५ च्या पुढच्या आकड्याची वाट बघते आहे.

अबागोव्होमॅब ही लस याच महिन्यांसाठी होती. सीए-१२५ हे या कॅन्सरच्या पेशींवरचं प्रथिन. त्याचा मुखवटा चढवलेला प्रतिपिंड टोचायचा, म्हणजे मुखवट्याशी झुंजता झुंजता शरीर खरा चेहराही ओळखेल. ८८८ बायका चाचणीत आल्या. तिघींपैकी दोघींना लस, एकीला औषध नसलेलं इंजेक्शन. कुणाला काय मिळतंय ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, डॉक्टरांनाही नाही. २०१३ साली निकाल छापून आला. शरीरं शिकली होती, प्रतिपिंड तयार झाले होते. आजार मात्र लस घेतलेल्यांनाही इतरांइतकाच परतला.

या वाक्यावरून लगेच पुढे जाऊ नका. शरीराने हाक ऐकली, ओ दिली, आणि तेवढ्याने भागलं नाही.

तरी शरीर अगदीच गप्प नसतं. २००३ साली फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी १८६ बायकांच्या गाठींचे नमुने तपासले. ज्यांच्या गाठीच्या आत टी-पेशी, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशी, शिरलेल्या होत्या, त्यांतल्या ३८ टक्के पाच वर्षांनंतर हयात होत्या. ज्यांच्या गाठीत त्या नव्हत्या, त्यांतल्या ४.५ टक्के. म्हणजे कुणाकुणाच्या शरीराने लस नसतानाच घरातला बिघाड हेरला होता. त्याच शहरात पुढे बाईच्याच रक्तातल्या पेशींना तिच्याच गाठीचा अर्क दाखवून लस केली गेली. २०१८ साली तिचा अहवाल आला. बायका फक्त २५, पण काहींच्या टी-पेशी खरोखर जाग्या झाल्या होत्या. एवढ्यावरून मी कुणाला भरवसा देणार नाही. पण ही वाट सोडू नये, असं मला मनापासून वाटतं.

आता पुन्हा त्या ८८८ जणींकडे या. त्यातली एकच डोळ्यांपुढे आणा, औषध नसलेलं इंजेक्शन घेणारी. आपल्या वाट्याला असंही येऊ शकतं, हे सही करतानाच तिला सांगितलं होतं. तरी ती आली. सुई निघाली आहे. कापसाचा बोळा दाबून ती क्षणभर तशीच बसली आहे. पुढची तारीख चार आठवड्यांनंतरची.