पहिला अर्थ दिसला की पेन टेकवलं!

उभा राहा. वही धर आणि काय लिहिलंयस ते मोठ्यानं वाच. 'ट्रीटेड सीड' म्हणजे 'चांगली वागणूक दिलेले बी'! शब्दकोशातला पहिला अर्थ दिसला आणि लगेच पेन टेकवलंस.

अरे, तू जालन्यात शिकतोस. 1964 साली बारवाल्यांची महिको ही बियाणे कंपनी याच गावात सुरू झाली. दर मृगाला तुझ्या घरी बियाण्याची पिशवी फोडतात. त्यातले रंग चढवलेले दाणे तू स्वतः तिफणीच्या चाड्यात सोडले असशील. तो रंग का असतो, तुला ठाऊक आहे. मग इंग्रजी दिसताच घरचं शेत कसं विसरलास?

'ट्रीट' माणसाला केलं तर वागवणं, आजाराला केलं तर उपचार, मित्रांना दिली तर पार्टी. बियाण्याला केलं तर बीजप्रक्रिया. सोयाबीनला किलोमागे 3 ग्रॅम थायरम हे बुरशीनाशक चोळतात, ती. क्रिया कुणावर होते आहे हे आधी पाहायचं, शब्द मागाहून. 'सीड'चंही तेच. फळातलं ते बी, पेरायचं ते बियाणं, आणि टेनिसमध्ये मानांकन. इटालियनमध्येही हा भेद आहे: फळातलं 'सेमे', पेरणीचं 'सेमेन्ते'. बीजप्रक्रियेला तिथं 'कोन्चा' म्हणतात, आणि कातडं कमावण्यालाही हाच शब्द आहे. म्हणजे तिथल्या अनुवादकालाही शेतकऱ्याच्या तोंडचा शब्द माहीत असावा लागतो. नुसता कोश उघडून त्याचंही भागत नाही.

हे दोन गुणांचं प्रकरण नाही. असं बीजप्रक्रिया केलेलं बियाणं खाण्यासाठी, जनावरांसाठी किंवा तेलासाठी वापरू नये, अशी सूचना पिशवीवर छापावी लागते. 1968 च्या बियाणे नियमांत तसं आहे. तुझं वाक्य तिथं छापलं, तर उरलेली मूठ कुणीतरी कोंबड्यांपुढे टाकील.

तुझे वडील म्हणतील, 'औषध लावलेलं बियाणं'. बरोबर आहे, तेच लिही. पण 'औषध' हाही दुधारी शब्द आहे. अमक्यानं औषध घेतलं म्हटलं की आपल्याकडे घरात रडारड सुरू होते. म्हणून शेजारी 'विषारी' हा शब्द ठळक हवा.

उद्या मोंढ्यात जा, बियाण्याच्या दुकानात दहा मिनिटं उभा राहा, माणसं काय म्हणतात ते ऐक. मग 'ट्रीट'चे सगळे अर्थ वहीत उतरव. जे इथं चालत नाहीत त्यांच्यावर काट मार आणि प्रत्येक काट का मारलीस ते शेजारी लिही. शनिवारी पहिल्या तासाला वही माझ्या टेबलावर हवी.