देणगी आणि डोनेशन

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात एक संगमरवरी फरशी बसवलेली होती. मधल्या सुट्टीत पाण्याच्या रांगेत उभं राहिलं, की ती वाचण्यावाचून गत्यंतर नसे. कुणी वडिलांच्या स्मरणार्थ रुपये ५०१, कुठल्याशा तालमीकडून १०१ आणि सगळ्यांत खाली दाटीवाटीनं कोरलेलं, 'एक गृहिणी, रुपये ११'. ती बाई कोण, यावर आम्ही पोरं पैजा लावायचो.

ही झाली देणगी. डोनेशन म्हणजे तोच शब्द इंग्रजीतून आलेला, पण मराठीत येताना त्याचा अर्थ पार उलटा झाला. देणगी देणाऱ्याचं नाव दगडात कोरतात, डोनेशनची साधी पावतीसुद्धा मिळत नाही. देणगी दुसऱ्याच्या पोरांसाठी असते, डोनेशन स्वतःच्या. अमक्यानं कॉलेजला देणगी दिली म्हटलं तर माणूस मोठा वाटतो. डोनेशन दिलं म्हटलं, की पोराला मार्क कमी होते एवढंच कळतं.

खासगी कॉलेज ही काही अलीकडची गोष्ट नव्हे. पुण्याची डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ची, फर्ग्युसन १८८५चं. तिथल्या आजीव सदस्यांनी तुटपुंज्या पगारावर वीस-वीस वर्षं काढली. म्हणजे फीचा एक भाग मास्तरांनीच सोसला. पुढं भाऊराव पाटलांनी १९१९ साली काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, साताऱ्यात वसतिगृह उभं केलं, आणि तिथल्या पोरांच्या दाण्यागोट्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रासकट, विकले. 'कमवा आणि शिका'त पोरांनी घाम दिला, गावांनी मूठमूठ धान्य दिलं. मग सरकार आलं आणि पगाराचा भार त्यानं उचलला. या सगळ्याला आपण अनुदान म्हणू.

१९८३ साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना दार उघडून दिलं. आपली पोरं पैसे भरून कर्नाटकात जातात, ते पैसे इथंच राहू देत, असा सरळ हिशेब होता. दादा स्वतः जेमतेम शाळा शिकलेले, पण त्यांचा हिशेब चुकीचा होता असं मला वाटत नाही. त्याआधी राज्यात पदवीची इंजिनीअरिंग कॉलेजं बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यांत न मावलेली खेड्यापाड्यांतली कितीतरी पोरं या नव्या कॉलेजांतून शिकली आणि आज जगभर पसरली आहेत. साखर कारखान्यांच्या शेजारी कॉलेजं उभी राहिली म्हणून नाकं मुरडणाऱ्यांची स्वतःची मुलं बहुधा शहरात जागा मिळवून बसलेली होती.

माझं भांडण आहे ते त्या शब्दाशी. विनाअनुदानित. अनुदानाशिवाय कॉलेज चालतच नाही, चाललेलं नाही. फक्त देणारा बदलला. मास्तर, गाव, सरकार यांच्या जागी मुलाचं घर आलं. सरकार पैसे देतं तेव्हा लेखापरीक्षण मागतं, अधिकारी पाठवतं, वेळप्रसंगी पैसे अडवतं. घर पैसे देतं आणि मागतं काय, तर पावती.

न्यायालयांनी या प्रश्नावर पुष्कळ डोकं खपवलं आहे. मोहिनी जैन खटल्याच्या वेळी कर्नाटकातल्या खासगी मेडिकल कॉलेजांत सरकारी जागेची वर्षाची फी २,००० होती, राज्यातल्या इतरांना २५,००० आणि बाहेरच्यांना ६०,०००. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयानं कॅपिटेशन फी, म्हणजे आपलं डोनेशन, बेकायदा ठरवली. आपल्याकडं तर त्याविरुद्ध १९८७ पासूनच कायदा होता; तो कागदावर किती होता आणि काउंटरवर किती, ते ज्यानं-त्यानं आठवावं. १९९३च्या उन्नीकृष्णन निकालानं निम्म्या जागा फ्री आणि निम्म्या पेमेंटच्या केल्या. ऐकायला किती छान! पण फ्री सीट पटकावणारा शहरातल्या चांगल्या शाळेत, क्लासला जाऊन शिकलेला, आणि पेमेंट भरणारा अनेकदा खेड्यातला. म्हणजे वावर विकून आलेल्या पैशांवर डॉक्टरच्या मुलाची फी भागायची. टी. एम. ए. पै खटल्यात २००२ साली न्यायालयानंच हा उलटा प्रकार नोंदवला आणि ती योजना मोडीत काढली. नफेखोरी नको, पण वाजवी शिल्लक चालेल, असं ठरलं.

ही वाजवी शिल्लक मोजायला आता शुल्क नियामक प्राधिकरण आहे. कॉलेज आपला खर्च मांडतं, पगार, वीज, प्रयोगशाळा, घसारा. त्याला विद्यार्थ्यांच्या संख्येनं भागून फी निघते. ढोबळमानानं पद्धत ही. यात खर्च कमी करणाऱ्याला बक्षीस कुठलं? जितका खर्च दाखवाल तितकी फी. पगाराची सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच, असं सांगणारे प्राध्यापक मला भेटले आहेत. त्यांनी सोसलेला फरक संस्थेच्या फरशीवर कुणी कोरणार नाही.

माझ्या भाच्याला दोन वर्षांपूर्वी इंजिनीअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडमधून कॉम्प्युटरला जागा मिळाली. मार्क चांगले, डोनेशनचा प्रश्नच नव्हता, म्हणून बहिणीच्या घरी पेढे वाटले. मग आम्ही वहीत आकडे मांडले. ट्यूशन फी १,२८,०००. डेव्हलपमेंट १२,०००. हॉस्टेल आणि मेस मिळून ९५,०००. परीक्षा, विमा, जिमखाना, पुस्तकं आणि 'इतर' धरून १५,०००. वर्षाला अडीच लाख. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून ट्यूशन फी निम्मी माफ, ६४,००० वाचले. उरलेले चार वर्षांचे जवळपास साडेसात लाख. (भाची असती तर २०२४च्या निर्णयानं ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली असती. पण मुलींचं मेसचं जेवण काही स्वस्त नसतं.)

साडेसात लाखांपर्यंत शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, तशी हमी योजनाच आहे. "दाजी, सातबारा घरीच राहू द्या," मी ऐटीत सांगितलं. बँकेतल्या साहेबांनी तो मागितला नाहीच. त्यांनी दाजींचं सिबिल काढलं. बाप सहकर्जदार असतो ना! दुष्काळी सालातलं पीककर्ज तिथं थकीत म्हणून बसलं होतं. ते मिटवायचं, दाखला आणायचा, मग फाइल पुढं सरकणार. इकडं प्रवेश पक्का करायला हातात चार दिवस. कर्ज प्रवेशानंतर मिळतं आणि प्रवेश पैशानंतर, ही साधी गोष्ट कुठल्याच योजनेच्या जाहिरातीत नसते. मधल्या दिवसांचा पूल ज्याचा त्यानं बांधायचा. बहिणीनं तो पतसंस्थेत पाटल्या ठेवून बांधला.

बँकेच्या बाकड्यावर बसून मी आणखी एक हिशेब केला. वर्षाला १,८७,५०० उचलायचे, व्याज दहा टक्के धरलं. शिकताना आणि त्यापुढं वर्षभर हप्ता नाही, त्यामुळं सगळ्यांना हायसं वाटतं. पण सरळव्याज चालूच असतं. पाच वर्षांत ते २,६२,५०० होतं. हप्ता सुरू होतो तेव्हा डोक्यावर १०,१२,५०० असतात. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे १३,४००. एकूण सोळा लाख. म्हणजे मूळ साडेसात लाखांच्या दुपटीहून जास्त.

सोळा लाखांपेक्षा मला तो १३,४०० जास्त छळतो. कारण शेवटच्या वर्षाचा पोरगा तोच आकडा डोक्यात घेऊन मुलाखतीला बसतो. पहिली नोकरी पंचवीस हजारांची लागली तर अर्ध्याहून जास्त पगार ठरूनच गेला. एम.टेक. करू का, गावी येऊन काही सुरू करू का, दोन वर्षं स्पर्धा परीक्षा देऊन पाहू का, हे प्रश्न त्याच्या मनात येतात, नाही असं नाही. पण हप्ता आधी बोलतो. भाच्याला खरं तर फिजिक्स आवडायचं. बी.एस्सी.ची अनुदानित फी ऐकून दाजी म्हणाले होते, "एवढ्याशा पैशात काय शिकवत असतील?" महाग तेच चांगलं, हे कपड्यांच्या दुकानातलं शहाणपण आम्ही कॉलेजात घेऊन गेलो, त्याचा दोष कुणा संस्थाचालकाला देता येणार नाही.

फी भरायच्या दिवशी मी सोबत गेलो. दाजींनी पैसे कापडी पिशवीत, त्यावर टॉवेल, त्यावर डबा, असे आणले होते. काउंटरवरच्या मुलीनं रोकड घेत नाही म्हणून सांगितलं. मग समोरच्या बँकेत जाऊन खात्यात भरणा, डीडीसाठी अर्ज, जेवणाच्या सुट्टीनंतर डीडी. बहीण बाहेर गुलमोहराखाली बसून होती. हातात काचेच्या बांगड्या, तरी सवयीनं मनगट चाचपत होती.

चारच्या सुमारास पावती मिळाली. दाजींनी ती दोनदा वाचली, घडी घातली, पुन्हा उघडून बहिणीपुढं धरली. 'यांच्याकडून मिळाले' या शब्दांपुढं भाच्याचं नाव छापलं होतं.