पार्सल कोण पोहोचवतो? अठराव्या अध्यायातील पाच कारणे

ऑनलाइन मागवलेली वस्तू घरपोच होते, तेव्हा ती पोहोचवण्याचे कर्म कोणाचे, हा प्रश्न व्यापाराइतकाच तत्त्वज्ञानाचाही आहे. माल वेळेवर आला तर श्रेय दुकानाच्या नावावर जमा होते. उशीर झाला तर दोष दारात उभ्या असलेल्या डिलिव्हरी बॉयच्या माथी येतो. या वाटणीला आधार आहे का, हे तपासण्यासाठी भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायातील विवेचन फार उपयोगी पडते. कोणतेही कर्म सिद्धीस जाण्यास पाच कारणे लागतात, असे तिथे सांख्यमताच्या आधारे सांगितले आहे: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. जुन्या भाष्यांनी ही पाच कारणे मुख्यतः देह, इंद्रिये आणि प्राण यांच्या अंगाने उलगडली. शके १२१२ मधील ज्ञानेश्वरीतही अधिष्ठान म्हणजे देहच. मात्र जागा, करणारा, साधने, हालचाली आणि हाताबाहेरचे असे सरळ अर्थ घेतले, तर बाजारातल्या कर्मालाही ही मांडणी लागू पडते.

पहिले कारण अधिष्ठान, म्हणजे इथे पत्ता. उदाहरणादाखल खांदा कॉलनीतला पत्ता घेऊ. ही सिडको या शहर-विकास महामंडळाने वसवलेल्या नवीन पनवेलची पश्चिमेकडील वसाहत. सिडकोच्या पत्त्यात सेक्टर, प्लॉट, सोसायटी आणि सदनिका असा क्रम असतो. परंतु प्रत्येक नोडचे, म्हणजे उपनगराचे, सेक्टर स्वतंत्रपणे मोजलेले असल्याने तोच क्रमांक खारघरमध्येही आणि कामोठ्यातही सापडतो. ४१०२०६ हा पिनकोड जुन्या पनवेललाही आहे आणि नवीन पनवेललाही. वसाहतीचे नाव गाळून नुसता सेक्टर लिहिला, तर चूक रस्त्यावर पडण्याआधी पत्त्यातच पडलेली असते.

दुसरे कारण कर्ता: पाठीवर बॅग घेऊन जिना चढणारा माणूस. पत्ता, फोन आणि पैसे यांचा मेळ दारात तोच घालतो. तिसरे कारण करण: दुचाकी, मोबाइल, नकाशा, ओटीपी आणि मार्ग ठरवून देणारे अ‍ॅप. यांतील दुचाकी आणि पेट्रोल बहुधा त्याचे स्वतःचे असते, अ‍ॅप मात्र दुसऱ्याचे.

चौथे कारण चेष्टा, म्हणजे वेगवेगळ्या हालचाली. दुकानातही आणि ऑनलाइनही विकणाऱ्या व्यापाऱ्यापुढे इथे दोन मार्ग असतात. एक, भिवंडीसारख्या ठिकाणच्या गोदामातून माल निघतो, जवळच्या हबमध्ये त्याची विभागणी होते आणि तिथून तो घरोघर जातो. दोन, ग्राहकाच्या जवळचे दुकानच गोदामाचे काम करते: फळीवरचा माल काढून तिथेच बांधला जातो. पहिल्या मार्गात साठा एका जागी राहतो, पण अंतर वाढते. दुसऱ्यात अंतर घटते, पण फळीवर एकच नग उरलेला असताना तो दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला द्यायचा की ऑनलाइन मागणीसाठी राखायचा, हा पेच पडतो. दोन्ही मार्गांत शेवटचा टप्पा महाग असतो, कारण हबपर्यंत एका गाडीत शेकडो पार्सले येतात आणि तिथून पुढे प्रत्येकासाठी वेगळे दार गाठावे लागते.

पाचवे कारण दैव. रायगड जिल्ह्यातला मुसळधार पाऊस, सायन-पनवेल महामार्गावरची कोंडी, बंद पडलेली लिफ्ट यांपैकी काहीही कोणाच्या हुकमाचे नाही.

ही कारणे सांगितल्यावर गीता लगेच बजावते, की असे असूनही जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची दृष्टी चुकीची आहे. हा उपदेश मुळात कर्त्याच्या अहंकाराला उद्देशून आहे. पण त्याच न्यायाने दुसऱ्या एकट्याला संपूर्ण कर्ता ठरवणेही चुकीचेच ठरते. उशिराबद्दल केवळ डिलिव्हरी बॉयचे रेटिंग घसरते किंवा त्याचे पैसे कापले जातात, तेव्हा पाच कारणांचा भार एकावर टाकलेला असतो.

यावर एक आक्षेप संभवतो: कारणे पाच असतील, तर जबाबदारी कोणाचीच उरणार नाही. तसे होत नाही. कर्ता पाचांपैकी एक आहेच, आणि त्याच्या वाट्याची काळजी त्यानेच घ्यायची असते. याच रायगड जिल्ह्यात, पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ मध्ये जन्मलेल्या विनोबा भावे यांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीता-प्रवचनांत बाहेरच्या कर्माला आतल्या चित्ताची जोड हवी, असे आग्रहाने मांडले. पार्सल नीट हाताळणे, योग्य हाती देणे, वृद्ध ग्राहकाशी सौम्यपणे बोलणे, हे त्या जोडीचे रूप. मात्र गीतेतला फलत्याग, म्हणजे कर्माच्या फळाची आस सोडणे, ज्याचा त्याने करायचा असतो. मालकाने मजुराला फलत्याग शिकवून त्याची मजुरी कापणे हा कर्मयोग नव्हे.

मुंबईचे डबेवाले या बाबतीत बोलके उदाहरण आहेत. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या व्यवस्थेत डबे वाहणारेच भागीदार असतात. त्यांच्यात वारकरी अनेक, आणि जेवण पोहोचवणे ही सेवा मानली जाते. एखादा आला नाही तर गटातील दुसरा त्याची जागा घेतो. येथे कर्त्याला साधने आणि हालचाली ठरवण्यात वाटा आहे. म्हणून सेवाभाव त्याच्यावर लादलेला राहत नाही.

पाच कारणांवरून जबाबदारीची न्याय्य वाटणीही काढता येते. अचूक पत्ता देणे आणि ठरल्या वेळी घरी असणे ग्राहकाच्या हाती. साधने, मार्ग, साठा आणि दिलेल्या वेळा व्यापाऱ्याच्या हाती. दक्षता आणि सचोटी नेणाऱ्याच्या हाती. दैवाचा भार मात्र सर्वांनी मिळून उचलायचा; भर पावसात अपघात झाला, तर त्याचा खर्च एकट्या जखमीने सोसणे धर्माला धरून नाही. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० या कायद्याने गिग कामगारांची व्याख्या करून कंपन्यांनी त्यांच्या सुरक्षा निधीला हातभार लावावा अशी तरतूद केली, तीही याच दिशेने जाते. ज्याच्या ताब्यात जे कारण, त्याच्याकडे त्याचा जाब: कर्मविचाराचा हा नियम खांदा कॉलनीतल्या एका पार्सललाही पूर्णपणे लागू आहे.