एक रूप, अनेक जाती

इंदुरास पालापाचोळ्याच्या राशीलाही एक इतिहास आहे. १९२४ ते १९३१ या काळात आल्बर्ट हॉवर्ड यांनी येथील वनस्पति-उद्योग संस्थेत काडीकचरा, शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर रचून, ते वरखाली करीत, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत सिद्ध करण्याची रीत बसविली. यशवंत वाड यांच्यासह लिहिलेला त्यांचा ग्रंथ १९३१ साली निघाला आणि ‘इंदूर पद्धती’ हे नाव देशोदेशी गेले. देवळातील निर्माल्याचे खत करणारे आज पुष्कळ आहेत. त्या वाटेला एका मराठी राजधानीचे नाव आहे, हे थोड्यांच्याच ध्यानी असते.

अशाच कुजणाऱ्या पाल्यात व लाकडात, ओल धरली की, श्लेष्मकवक नावाचा जीव वावरतो. नावात कवक असले तरी तो कवक नव्हे, वनस्पती नव्हे आणि प्राणीही नव्हे. असंख्य केंद्रके असलेली ती एकच पेशी. पिवळसर, लिबलिबीत जाळ्यासारखी पसरते, सरपटते व जीवाणू गिळते. पुढे ओल आटली म्हणजे तेच जाळे टाचणीच्या डोक्याएवढ्या देठदार बोंडांत रूपांतर पावते आणि त्यांतून धुळीसारखी बीजुके उडतात. ते सरपटणारे जाळे आणि ही कोरडी बोंडे शेजारी ठेवली, तर दोन्ही एकाच जीवाची रूपे आहेत असे कोण म्हणेल?

म्हणजे डोळा एकाला दोन समजतो. तो दोघांना एकही समजतो, हे अलीकडे कळले. कॅनडातील पॉल हेबर्ट यांनी २००३ साली अशी कल्पना मांडली की, डीएनएचा एक ठराविक लहान तुकडा वाचून, दुकानातील वस्तूवरील बारकोडाप्रमाणे, जीवाची जाती ओळखावी. श्लेष्मकवकांसाठी त्यांच्या रायबोसोमाशी संबंधित एका जनुकाचा भाग वाचतात. जगात त्यांच्या सुमारे एक हजार जाती नोंदल्या आहेत, त्या बहुतेक बोंडांच्या आकारावरून. ट्रिकिया व्हॅरिया ही त्यांतलीच एक, कुजक्या लाकडावर वाढणारी. जर्मनीतील ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली दाखविले की, या एका नावाखाली परस्परांशी संकर न करणारे तीन गट नांदत आहेत.

मग खरे काय, रूप की अक्षरे? नामरूपाला मिथ्या म्हणण्याची आपल्याला सवय आहे. म्हणून अक्षरांना सत्य मानून मोकळे व्हावे असा मोह पडतो. पण किती अक्षरे भिन्न असली म्हणजे जाती भिन्न, ही रेषा माणसानेच आखलेली असते. त्या तीन गटांना वेगळेपण दिले ते नुसत्या अक्षरभेदाने नव्हे, तर त्यांचा परस्परांत संकर होत नाही या गोष्टीने. बारकोड हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

हा भेद मी मुद्दाम उगाळतो, कारण ‘जाती’ हा शब्द आपण जीवशास्त्रात वापरतो तोच घरातही वापरतो, आणि तेथे तो इतका निरुपद्रवी नाही. तीन ट्रिकियांचे जुळत नाही ते निसर्गतः. आपले जुळत नाही ते नियमाने. माणसामाणसांत हजारात सुमारे एका अक्षराचा फरक असतो, आणि सारी माणसे एकाच जातीची. तथापि नियमाचीही खूण रक्तात उमटते, हे नाकारण्यात अर्थ नाही. हैदराबाद व हार्वर्ड येथील संशोधकांनी २०१३ साली भारतातील अनेक समाजांचे डीएनए तपासले. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी दोन प्राचीन लोकसमूहांची विपुल सरमिसळ झाली, आणि पुढे आपापल्यातच लग्ने करण्याची रीत घट्ट झाली, असे त्यांना आढळले. तपासलेल्या जवळजवळ प्रत्येक समाजात, उच्च म्हणविणाऱ्यांत आणि वनवासी म्हणविल्या जाणाऱ्यांतही, ती सरमिसळ सापडली.

आपले कुळ निर्भेळ असल्याचा दाखला मिळेल या आशेने कोणी आज लाळेची नळी प्रयोगशाळेत धाडील, तर त्याच्या हाती बहुधा त्या सरमिसळीचाच पुरावा पडेल.