कुपीतील पेशी कोणाच्या?

मोटार अपघातात डोक्याला मार लागून दगावलेल्या एका एकोणीस वर्षांच्या तरुणाच्या डोळ्यांतून १९८६ साली अमेरिकेत काही पेशी काढण्यात आल्या. दृष्टिपटलामागील रंगद्रव्याच्या थरातील त्या पेशी प्रयोगशाळेत वाढत राहिल्या. त्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या झाल्या. त्याच वंशातील पेशी, जनुकीय बदल करून, आता अनोळखी माणसांच्या डोळ्यांत बसविल्या जातात. कुपी जेमतेम सहा मिलिमीटर लांबीची. आत लक्षावधी पेशी. तिच्या भिंतीची छिद्रे इतकी सूक्ष्म की, प्राणवायू व पोषण आत जाते, पेशींनी निर्मिलेले प्रथिन बाहेर झिरपते. परंतु परक्याचा समाचार घेणाऱ्या शरीराच्या रक्षक पेशींना आत शिरता येत नाही. त्या प्रथिनामुळे 'मॅकटेल' या दृष्टिपटलाच्या विकारातील ऱ्हास मंदावतो. गेलेली दृष्टी मात्र परत येत नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या उपचारास मान्यता दिली.

यास नेत्रदान म्हणावे काय? नेत्रदानात एकाच्या बुबुळावरील पारदर्शक पडदा दुसऱ्यास मिळतो आणि दान तेथे पूर्ण होते. मे १९५६ मध्ये पोप बारावे पायस यांनी असे दान नैतिकदृष्ट्या योग्य ठरविले. मृतदेहाचा आदर राखावा व आप्तांच्या भावना जपाव्यात, असे बजावले. मोबदला घेणे प्रत्येक वेळी अनैतिकच ठरते असे नाही, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले. परंतु त्यांच्या डोळ्यांपुढे एक मृत आणि एक अंध होता. कुपीतल्या पेशींचे दान संपतच नाही. ते वाढते, औषध बनते आणि औषधाला किंमत असते.

पेशी म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. तिला आत्मा नाही, नाव नाही. तरीही तिला निव्वळ कच्चा माल म्हणवत नाही. ती कोणाच्या तरी मुलाच्या देहातून आली आहे. म्हणून रुग्णाने ही कुपी नाकारावी, असे मी म्हणणार नाही. त्याच्या नकाराने त्या तरुणाचा सन्मान वाढत नाही. नैतिक भार मागणाऱ्यावर आहे. रुग्णालयाच्या ओसरीत, रडून थकलेल्या बापापुढे कागद सरकविताना 'संशोधनासाठी' एवढा एकच मोघम शब्द पुरेसा नाही. पेशी वाढविल्या जातील, कदाचित विकल्याही जातील, हे त्याला कळेल अशा मराठीत सांगितले पाहिजे.

आपण नेत्रदानाचे अर्ज भरतो. त्यांत मी आणखी एक रकाना मागेन: माझ्या पेशी वाढवून त्यांचे औषध करण्यास संमती आहे काय? तेथे मी होकार लिहीन. आणि खाली, जागा उरली तर, गरिबाला ते कसे मिळणार, असे विचारीन.