न पाहिलेल्याची साक्ष

आमच्या बिरसाजवळ मलाजखंडला तांब्याची खाण आहे. १९८२ साली हा प्रकल्प राष्ट्राला अर्पण झाला. जिथे डोंगर होता तिथे पायऱ्यापायऱ्यांचा प्रचंड खड्डा झाला. शंभर किलो दगड फोडावा तेव्हा जेमतेम किलोभर तांबे हाती लागते. माझ्या शाळेतील कितीतरी मुलांचे वडील, काका, मामा या खाणीवर राबले आहेत. तेव्हा तांबे म्हणजे काय, हे आमच्या मुलांना सांगावे लागत नाही. त्या तांब्याच्या तारेतून जे वाहते ते काय, हे सांगण्याची पाळी मात्र माझ्यावर आली आणि माझी फजिती झाली. तिच्याविषयीच लिहायचे आहे.

मी तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. झालेला माणूस. विज्ञानाचे शिक्षक बदलून गेले, नवे येईनात, म्हणून १९९८ च्या पावसाळ्यात नववीचे विज्ञान माझ्या गळ्यात पडले. घरी मराठी आणि वर्गात हिंदी, हे आपणा सर्वांचेच आहे. पण या विषयात त्याची वेगळीच गंमत होते. माझे गोंदियाचे भाचे ज्याला अणू म्हणतात त्याला माझी मुले परमाणु म्हणतात, आणि माझी मुले ज्याला अणु म्हणतात तो भाच्यांचा रेणू. सुट्टीत एकत्र आले की दोन्ही बाजू बरोबर असतात आणि दोन्ही बाजू भांडतात. इलेक्ट्रॉन तेवढा दोन्हीकडे इलेक्ट्रॉनच.

त्या दिवशी मी फळ्यावर मधोमध केंद्रक काढले, भोवती वर्तुळे काढली, वर्तुळांवर ठिपके दिले. तांब्याचे एकोणतीस इलेक्ट्रॉन. अठ्ठावीस आतल्या घरांत, बाहेरच्या घरात एकटा एक. तो सैल असतो, धातूभर हिंडतो, म्हणून तारेतून वीज वाहते. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. ‘‘सर, आपने देखा है क्या?’’

मी म्हणालो, ‘‘मी नाही, कोणीच डोळ्यांनी पाहिलेला नाही.’’

तो म्हणाला, ‘‘आमच्या गावचा गुनियाही न दिसणाऱ्याचेच सांगतो. मग त्याचे ऐकू नका असे तुम्ही का म्हणता?’’

वर्ग हसला. मी ‘किताब में लिखा है’ म्हणून त्याला खाली बसवले. वर्षभर त्याने पुन्हा हात वर केला नाही.

रात्री मला झोप लागेना. प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. न दिसणारे काही आहे, माझ्या आधीच्यांनी तसे सांगितले आहे, विश्वास ठेव. एवढेच गुनिया सांगत होता आणि एवढेच मी सांगत होतो. माझ्या आधीच्यांचे पुस्तक छापलेले होते, हाच काय तो फरक. मग मला माझे वैशेषिक दर्शन आठवले. कवडशात नाचणारा धूलिकण सहा परमाणूंचा, असा त्यांचा हिशेब. वस्तूचे तुकडे कधी संपतच नसतील, तर मेरू आणि मोहरी सारखेच म्हणावे लागतील, म्हणून कुठेतरी शेवटचा तुकडा मानलाच पाहिजे. युक्तिवाद देखणा आहे. पण तो खोटा ठरायचा असेल तर कशाने ठरेल, याची सोय त्यात नाही.

मी थॉमसनचे वाचले ते त्यानंतर. १८९७ साली केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसन यांनाही इलेक्ट्रॉन दिसला नव्हता. काचेच्या नळीतील हवा जवळजवळ सगळी काढून घेतली आणि विजेचा दाब दिला, की ऋण ध्रुवाकडून किरण निघतात, हे आधीच ठाऊक होते. त्या लाटा की ते कण, हा वाद होता. विजेच्या क्षेत्राने हे किरण वळत नाहीत असे हर्ट्झ यांना आढळले होते, म्हणून जर्मनीतील अनेक विद्वान लाटांच्या बाजूचे. थॉमसन यांनी नळी आणखी रिकामी केली आणि किरण वळले! किती वळले यावरून त्यांनी विद्युतभार आणि वस्तुमान यांचे गुणोत्तर काढले. नळीत वायू कोणताही घ्या, ध्रुवाला धातू कोणताही घ्या, उत्तर तेच. म्हणजे हा कण एका पदार्थाचा नव्हे, सगळ्यांच्या घरचा. आणि हायड्रोजनच्या अणूहून हजारपटींनी हलका. आज आपण तो आकडा सुमारे १८४० पट असा सांगतो. ज्याला कोणी फोडू शकत नाही अशी ख्याती, त्या अणूतूनच तुकडा निघाला. एका नामवंत शास्त्रज्ञाला तर हे सारे थट्टेवारी वाटले, असे पुढे थॉमसन यांनीच सांगितले आहे.

पण माझ्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला सापडले ते यानंतरच्या हकिकतीत. थॉमसन यांनी १९०४ साली अणूचे चित्र मांडले: धनभार सगळीकडे पसरलेला आणि त्यात इलेक्ट्रॉन रुतलेले. १९११ साली रदरफोर्डने ते मोडले आणि धनभार मधल्या केंद्रकात असल्याचे दाखवले. रदरफोर्ड हा थॉमसन यांचाच शिष्य. पुढे १९२७ च्या सुमारास जॉर्ज थॉमसन यांनी पातळ पापुद्र्यातून इलेक्ट्रॉन सोडले, तेव्हा लाटांसारखी कडी उमटली. हे जे. जें.चे चिरंजीव. बापाला १९०६ चे नोबेल, मुलाला १९३७ चे. आणि बाप १९४० पर्यंत हे सारे पाहायला हयात होता. आपल्याकडे शेताच्या बांधावरून बापलेकांची बोलाचाल बंद होते.

न दिसणारे सांगण्यात गैर काही नाही. ज्याने सांगितले त्याने आपल्याला खोडून काढण्याची वाट उघडी ठेवली आहे का, हे विचारायचे. आणि इथेच माझी मान खाली जाते. मुलाला ‘बस’ म्हणताना मी थॉमसनच्या बाजूला नव्हतो. गुनियाच्याही नव्हतो, कारण तो निदान ऐकून तरी घेत असेल.

पुढच्या आठवड्यात दुकानातून नीला थोथा, म्हणजे आपले मोरचूद, आणले. त्याच्या पाण्यात लोखंडी खिळा बुडवला. काही मिनिटांत त्यावर लालसर तांबे चढले. लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन देतो, पाण्यातले तांबे ते घेते आणि धातू होऊन बसते. मग म्हटले, आता उलट करू. हिराकसाच्या पाण्यात तांब्याची तार ठेवू. माझे म्हणणे खरे असेल तर काहीही घडू नये. मुले दुसऱ्या दिवशी धावत आली. तार जशीच्या तशी. याने इलेक्ट्रॉन सिद्ध झाला असे मुळीच नाही, आणि तेही मी त्यांना सांगितले. मात्र निकाल लागण्याआधी मी माझी मान पुढे केली होती. तो मुलगा लांबून पाहत होता.

एक अप्रामाणिकपणा मी अजून करतो. फळ्यावरची ती वर्तुळे खोटी आहेत. विद्युतभार असलेला कण असा गरगरत राहिला तर ऊर्जा गमावून क्षणात केंद्रकात कोसळेल. मग तांबेही नाही आणि मलाजखंडही नाही. बोर यांनी १९१३ मध्ये नियम घालून कक्षा सावरल्या. १९२६ नंतर कक्षाच गेल्या, इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याचा संभव किती, एवढेच उरले. पण परीक्षेत वर्तुळांना गुण आहेत, आणि मुलांचे गुण बुडवून सत्य सांगण्याचा मला काय अधिकार? मी वर्तुळे काढतो आणि आधी सांगतो, हे चित्र आहे, अणू नव्हे. तेवढ्याने दोष फिटतो का? कधी वाटते फिटतो, कधी नाही.

तीन वर्षांपूर्वी बाजारात एका लाइनमनने पायाला हात लावला. तोच मुलगा! मी कामाचे विचारले. म्हणाला, ‘‘सर, सबस्टेशनवरून परमिट मिळाले, लाइन बंद आहे म्हणून सांगितले, तरी आम्ही मानत नाही. आधी तपासायचे, मग डिस्चार्ज रॉड लावून तार जमिनीला जोडायची, आणि मगच हात लावायचा. सख्ख्या भावाने सांगितले तरी.’’

मी त्याला त्या जुन्या प्रश्नाची आठवण दिली. त्याला काही आठवत नव्हते. माझे मन राखायला तो हसला. त्याच्या पिशवीतून रबरी हातमोजे डोकावत होते, आणि दंडावर गुनियाने बांधलेला काळा दोरा होता. त्याविषयी विचारावे असे फार मनात आले. पण भाजीवाली हिशेब मागत होती, आणि त्यालाही कामावर जायचे होते.